न्हावऱ्याच्या विहिरीतला झिरो

बद्रुद्दीन शेख हा माणूस मुळातच संशयी. चहात साखर कमी लागली तर तो साखर मागायचा नाही, आधी चहावाल्याच्या तोंडाकडे बघायचा. मोटरसायकल घेऊन चार वर्षं झाली, तरी सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, मोबाईल पिशवीत, आणि बायकोनं, खुर्शिदनं, कधी हसून काही म्हटलं तर ह्याचं उत्तर ठरलेलं, "धूळ आन् मानूस कवा आत घुसंल, काय सांगावं?"

पण विहिरीच्या कामात ह्याच स्वभावानं त्याला तारलं होतं, हे कबूल करायला हवं. तीस वर्षं झाली, शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या विहिरी खोदायच्या, खडकात भोकं पाडून बार लावायचे, सुरुंग उडवायचे, दगड क्रेननं वर काढायचे. इतक्या वर्षांत त्याच्या कामावर एक माणूस दगावला नव्हता. दुसऱ्यांच्या कामांवर मात्र दगावले होते. बार उडाला की विहिरीत धूर कोंडतो. डोळ्याला दिसतो तो धूर तासाभरात निघून जातो, पण ज्याला रंग नाही, वास नाही, असा एक गॅस त्यात असतो, आणि तो तळाच्या दगडांत दबून राहतो. खाली उतरलेल्या माणसाला आधी झोप आल्यासारखं होतं आणि मग तो बसल्या जागी जातो. बद्रुद्दीन त्यावर जुने उपाय करायचा. कंप्रेसरची नळी तळाला सोडून हवा मारायची, लिंबाचा डहाळा दोराला बांधून वर-खाली हापसायचा आणि दोन-अडीच तास कुणालाही उतरू द्यायचं नाही. ठेकेदार बोंबलला तर बोंबलू दे.

यंदा न्हावऱ्याला सोपानरावांची विहीर पंचावन्न फुटांवरून सत्तरवर न्यायची होती. ठेकेदार साहेबराव. आणि यंदाच्या कामावर नवीन काय आलं असेल, तर गॅस मोजायचं मशीन.

ते आणायला लावलं सुदर्शननं. सुदर्शन म्हणजे साहेबरावांच्या बहिणीचा मुलगा, चोविसेक वर्षांचा, कुरकुंभला केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात सात-आठ महिने हेल्पर होता. कंत्राट संपलं तसा मामाच्या हाताखाली आला आणि आल्या दिवसापासून मामाचं डोकं खाल्लं. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा पाहिजे, पट्ट्याचा दोर क्रेनला पाहिजे, गॅसचं मशीन पाहिजे. साहेबरावांनी कुरकुर करत का होईना, सगळं आणलं. मशीन म्हणजे मुठीत मावेल एवढी पिवळी डबी. पुढं छोटा पडदा, त्यावर चार आकडे, पडद्याखाली जाळी लावलेली चार भोकं. दोराला बांधून विहिरीत सोडायचं, गॅस असेल तर ते किंचाळतं, आणि त्यानं जास्तीत जास्त किती पाहिला तो आकडा वर आल्यावर दिसतो.

पहिल्याच दिवशी बार उडवल्यावर मशीन खाली सोडलं आणि ते असलं किंचाळलं की बांधावरची शेळी दावं तोडून पळाली. एकशे ऐंशी आकडा. तीन तास कुणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबरावांचा चेहरा आंबला, कारण सोमवारी क्रेन दौंडला दुसऱ्या कामावर न्यायचा शब्द त्यांनी दिला होता. बद्रुद्दीन मात्र खूश. तीस वर्षं तो घसा फोडून जे सांगत आला, ते हे मशीन एका किंकाळीत सांगत होतं. त्याला त्या डबीची मायाच लागली म्हणा ना. तिच्यावर चिखल उडालेला बघून त्याचा जीव खालीवर झाला. संध्याकाळी ती घरी नेऊन त्यानं खुर्शिदला शिलाई मशीनवर बसवलं आणि काळ्या रेक्झिनचं फर्मास कव्हर शिवून घेतलं. पडद्यापुढं पारदर्शक प्लास्टिक, चार्जिंगला खाली चेन, दोराला वर कडी. सकाळी सुदर्शननं (तो बद्रुद्दीनलाही मामाच म्हणायचा) ते बघून म्हटलं, "मामा, कंपनीतबी एवढं भारी कव्हर न्हवतं!"

आणि त्या दिवसापासून मशीन गप्प झालं.

बार उडवला, मशीन सोडलं, झिरो. दुसऱ्या दिवशी झिरो. तिसऱ्या दिवशी परत झिरो. साहेबराव हसून म्हणाले, "मशीन शहाणं झालं बघा." अर्ध्या तासात माणसं खाली उतरायला लागली, बद्रुद्दीनच्या अडीच तासांना कुणी विचारेना.

बद्रुद्दीनच्या मनात पाल चुकचुकली ती तिथं. तोच खडक, तेच बार, तेवढीच दारू, आणि दोन दिवसांत गॅस गेला कुठं? त्याच्या नाकाला सुरुंगाचा आंबूस वास अजून येत होता. त्यानं कधी नव्हे ते सुदर्शनकडे नीट बघायला सुरुवात केली, आणि एकदा तसं बघायला लागलं की काय, जे बघावं ते वाकडंच दिसतं. मशीन रोज रात्री चार्जिंगला कोण घरी नेतं? सुदर्शन. दोराला कोण बांधतं? सुदर्शन. गुरुवारी सकाळी तर पठ्ठ्या एकटाच लिंबाखाली उभा राहून मशीनचं बटण दाबून धरताना दिसला. आकडे पुसले गेले, गॅसच्या जागी झिरो आले.

"काय करतुयास रं?" बद्रुद्दीननं मागून विचारलं.

सुदर्शन दचकला. "झिरो करतुय मामा. रोज चांगल्या हवेत झिरो करावं लागतं."

"झिरो करतुयास म्हंजी? जे हाय ते दिसू दे की. पुसायचं कशापायी?"

"तसं न्हाई ओ मामा, ते सेटिंग असतं," सुदर्शन म्हणाला आणि नेमकं तेव्हाच साहेबरावांनी गाडीतून त्याला हाक मारली. मामा-भाचे काच वर करून दहा मिनिटं बोलत बसले. काच वर करून! बद्रुद्दीनला एवढं पुरलं. ठेकेदाराला घाई, भाचा मशीनवाला, आणि मशीन गप्प. पाणी कुठं मुरतंय हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आता हे सगळं त्याला एवढं जिव्हारी लागायचं कारण, खाली उतरणारा पहिला माणूस होता त्याचाच मुलगा रिजवान. सव्वीस वर्षांचा, मागल्या वर्षी लग्न झालेला, अंगानं बापाच्या दुप्पट. गुरुवारी दुपारी वर आला तो डोकं धरून. बांधाच्या कडेला जाऊन ओकला.

"काय झालं?"

"काय न्हाई अब्बा. ऊन लागलं."

साठ फूट खोल विहिरीत कसलं आलंय ऊन! बद्रुद्दीननं पक्कं ठरवलं, आता पुरावा काढायचा.

संध्याकाळी माणसं हातपाय धुवायला पाटावर गेली तसं त्यानं मशीन उचललं, कंप्रेसरच्या ट्रॅक्टरजवळ गेला, ट्रॅक्टर चालू केला आणि सायलेन्सरच्या धुराड्यापुढं मशीन धरलं. काळा धूर भकाभका बाहेर पडत होता. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी आलं, खोकला आला. मशीन म्हणालं, झिरो. त्यानं हात बदलला, पुन्हा धरलं. झिरो.

त्याच्या अंगाचा नुसता भडका उडाला. मशीन मेलं नव्हतं, मारलं होतं! सुदर्शननं बटणं दाबून त्याचा गळा दाबला होता.

खरं तर तिथल्या तिथं ओरडायला हवं होतं. पण बद्रुद्दीनला वाटलं, आत्ता बोललो तर दोघं कानांवर हात ठेवतील, रातोरात सेटिंग परत फिरवतील आणि सकाळी आपणच खोटे ठरू. उद्या बार उडवल्यावर, त्या पोरानं सगळ्यांसमोर "झिरो, सोडा खाली" म्हटलं की मानगूट धरून ट्रॅक्टरपाशी न्यायचं आणि चारचौघांत उघडं पाडायचं. घरी जेवताना रिजवान समोरच बसला होता. सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण रिजवान आणि सुदर्शन दोस्त. एका मोटरसायकलवर हिंडणारे, एका ताटात जेवणारे. बद्रुद्दीननं भाकरीचा घास घेतला आणि तोंड मिटलं.

शुक्रवारी साडेदहाला बार उडाला. अर्ध्या तासानं सुदर्शननं मशीन तळापर्यंत सोडलं, वर ओढलं, पडदा बघितला.

"झिरो हाय. सोडा खाली."

"काय म्हणलास?" बद्रुद्दीन पुढं झाला. "पुन्यांदा बोल. समद्यांना ऐकू जाऊ दे."

"झिरो हाय मामा."

"चल तर मग."

त्यानं सुदर्शनच्या दंडाला धरलं आणि मशीनसकट त्याला ट्रॅक्टरकडे ओढत नेलं. जाता जाता त्यानं मागं बघितलं. रिजवान कमरेचा पट्टा आवळून क्रेनच्या बकेटमध्ये पाय टाकत होता. बद्रुद्दीननं ते बघितलं, हे लक्षात ठेवा. बघितलं आणि मनाशी म्हणाला, दोन मिनटं, आधी ह्याला धरतो.

दोन मिनिटांची दहा झाली. सुदर्शन म्हणत होता, मामा हात सोडा, झालं काय ते तरी सांगा. साहेबराव मध्ये पडले तर बद्रुद्दीननं त्यांनाही झटकलं. ट्रॅक्टर चालू केला, मशीन धुरापुढं धरलं आणि ओरडला, "बघा! समद्यांनी बघा! किती दाखवतंय? वाच रं, वाच!"

सुदर्शननं वाचलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "झिरो... असं कसं?"

"असं कसं मला इचारतुस?"

तेवढ्यात क्रेनवरून ज्ञानदेवची आरोळी आली. ज्ञानदेव क्रेन चालवणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. "आबा! रिजवान हालंना!"

बद्रुद्दीन विहिरीच्या काठाशी कसा पोचला ते त्याला नंतर आठवलं नाही. खाली दगडांवर रिजवान गुडघ्यांवर बसला होता, डोकं छातीवर पडलेलं, नमाजात असल्यासारखा. हाक मारली, उत्तर नाही. बद्रुद्दीन तसाच उतरायला निघाला तर सुदर्शननं मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. "मामा, तुम्ही उतरू नगा! दोघंबी जाल! पट्टा हाय त्याला! ज्ञानदेवभाऊ, ओढा वर!"

पट्टा होता म्हणून रिजवान वर आला. ओठ निळे, डोळे अर्धे उघडे, पण छाती हलत होती. साहेबरावांच्या गाडीत घालायच्या आधी बद्रुद्दीननं वळून सुदर्शनच्या तोंडात मारली. एक नाही, तीन. "माझ्या पोराला मारत हुतास! मामाच्या क्रेनपायी माझं पोरगं मारत हुतास!" सुदर्शननं हातसुद्धा वर केला नाही.

शिरूरच्या दवाखान्यात रिजवानला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वाचला, पण आणखी पाच मिनिटं आत असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. पोलिसांना कळवावं लागलं. बद्रुद्दीननं हवालदाराला सांगून टाकलं की मशीन मुद्दाम बिघडवलंय, नावसुद्धा सांगितलं. हवालदार म्हणाला, उद्या संध्याकाळी येतो, तुमचा रीतसर जबाब घेतो, मशीन जपून ठेवा. रात्रीपर्यंत न्हावऱ्यात सगळीकडे झालं, सुदर्शननं मशीन मारलं. साहेबरावांनी भाच्याला कामावर पाय ठेवायचा नाही असं बजावलं. स्वतःची मान सोडवायला त्यांना तेवढं बरंच झालं.

जबाब द्यायचा तर पक्का द्यायचा. शनिवारी सकाळी बद्रुद्दीननं मशीन पिशवीत घातलं आणि चौफुल्यावरून कुरकुंभ गाठलं. सुदर्शनच्या जुन्या कंपनीच्या गेटवर तासभर उभा राहिला तेव्हा सेफ्टीच्या मॅडम भेटल्या. महेजबीन पठाण, दौंडच्या, पस्तिशीच्या, डोक्यावर हेल्मेट. त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "ह्याच्यात त्या पोरानं काय केलंय, तेवढं लिहून द्या."

महेजबीननं मशीन हातात घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग बराच वेळ ती कव्हरवरून बोट फिरवत राहिली. बद्रुद्दीनला वाटलं, ही पण त्यांच्यातलीच दिसतेय, वेळ काढतेय.

"चाचा, इकडं या," ती म्हणाली. टेबलावर कोकाकोलाच्या बाटलीएवढा एक सिलेंडर होता. "ह्यात तोच गॅस आहे, मोजून भरलेला. मशीन जिवंत आहे का ते आम्ही रोज ह्याच्यावर तपासतो." तिनं मशीन कव्हरसकट एका प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिशवीत गॅस सोडला. एक मिनिट झालं. झिरो.

"मी म्हणलं न्हवतं?" बद्रुद्दीन म्हणाला.

तिनं मशीन बाहेर घेतलं, चेन उघडली, रेक्झिनचं कव्हर सोलून काढलं आणि मशीन पुन्हा पिशवीत टाकलं. दहा मोजायच्या आत ते किंचाळलं. अख्ख्या ऑफिसनं माना वर केल्या.

"ही चार भोकं दिसतात का? हे त्याचं नाक आहे. ह्याच्यावर रेक्झिन चढवलं तर त्याला वास कसा यावा? कव्हरच्या आत कोंडलेली चांगली हवाच ते मोजत बसलं. सेटिंगला कुणी हात लावलेला नाही, मशीन ठणठणीत आहे." मग जरा थांबून ती म्हणाली, "चुकलं माझंही. सुदर्शनला मी बटणं शिकवली, भोकं कशाला असतात ते शिकवलं नाही. पण हे कव्हर कुणी घातलं?"

बद्रुद्दीननं कव्हर उचलून पिशवीत घातलं.

"असंच हुतं," तो म्हणाला. "पयल्यापासनं."

परत येताना पारगावच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. खाली भीमेचं पाणी. कव्हर पिशवीत होतं. एक हात वर करून टाकलं की संपलं. मॅडमनं ना त्याचं नाव विचारलं होतं, ना गाव. मशीनवर कव्हर होतं एवढं कामावरच्या माणसांना आठवलं असतं, पण घोळ कव्हरचाच, हे कुणाच्या ध्यानात आलंय? हवालदार संध्याकाळी येईल, पोरगं निस्तरेल त्याचं तो, तरणं आहे. तीस वर्षांत कामावर माणूस न दगावलेला बद्रुद्दीन तसाच राहील. आणि खुर्शिद? स्वतःच्या हातानं शिवलं तिनं. तिला काय सांगायचं, तुझ्या शिलाईनं तुझं पोरगं मरत होतं? ह्या विचारासरशी त्याला रडू कोसळलं. पुलावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं गाडी हळू केली, विचारलं, "काय झालं आबा?" बद्रुद्दीननं हातानंच जा म्हणून खुणावलं आणि गाडीला किक मारली.

दवाखान्यात पोचला तर रिजवान उशीला टेकून बसला होता. पायापाशी खुर्शिद. आणि बाकावर, गालावर वळ असलेला सुदर्शन, हातात शहाळं घेऊन.

खुर्शिद म्हणाली, "सकाळपास्नं बसलाय. मी हाकललं, तर रिजवान म्हणला बसू दे."

बद्रुद्दीननं दार लोटून घेतलं. कव्हर बाहेर काढून खाटेवर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, ट्रॅक्टरचं, कुरकुंभचं, पिशवीचं, भोकांचं. "मशीन ह्यानं मारलं न्हाई. मी मारलं. खुर्शिदला काय ठावं, मी सांगितलं तसं तिनं शिवलं. आता हवालदार येईल त्येला मी हेच सांगनार." मग तो सुदर्शनकडे वळला आणि हात जोडले. "पोरा, माफ कर मला. वाटलं तर तूबी मार."

सुदर्शन गडबडून उठला आणि त्यानं म्हाताऱ्याचे हात धरून खाली केले. "काय करताय मामा! रोज मी हातात धरत हुतो त्येला. मलाबी कळाय पायजे हुतं."

खुर्शिदनं पदर तोंडाला लावला. बद्रुद्दीनला वाटलं, झालं एकदाचं, छातीवरचा दगड उतरला. तो रिजवानच्या उशाशी बसला.

रिजवान मघापासून बापाकडे बघत होता. आवाज अजून बसलेला होता त्याचा.

"अब्बा, ट्रॅक्टरच्या धुरापुढं तुम्ही मशीन पयल्यांदा कवा धरलं?"

"गुरवारी. सांजच्याला."

"म्हंजी मी उतरायच्या आदल्या दिशी." रिजवान दम घ्यायला थांबला. "मशीन बंद हाय, हे तुम्हाला म्हाईत हुतं. आपन एकत्र जेवलो. मग मला का न्हाई सांगितलं?"

बद्रुद्दीननं एकदा सुदर्शनकडे बघितलं, एकदा जमिनीकडे. खोटं बोलायला जागा होती. पण मघापासून तो इतकं खरं बोलून बसला होता की आता खोटं जिभेवर येईना.

"तू त्याचा दोस्त," तो म्हणाला. "मला वाटलं, तू त्येला जाऊन सांगशील."

"म्हंजी माझ्यावरबी संशय हुता?"

"व्हय," बद्रुद्दीन म्हणाला. "तुझ्यावरबी."